खेळाचा तास तेवढा कापू नका

माझ्या लेकाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. नववं लागलंय त्याला. मागच्या आठवड्यात वही पूर्ण केली नाही म्हणून खेळाच्या तासाला वर्गातच बसवून ठेवलं. घरी आला तो दप्तर फेकतच, आणि रात्री साडेअकरापर्यंत डोळ्याला डोळा नाही. हे दुसऱ्यांदा झालं, म्हणून लिहितेय.

गुरुजी, मॅडम, तुमच्यावर राग नाही. पन्नास लेकरं सांभाळणं किती अवघड, ते दिसतं मला. पण ज्याला बसवतच नाही, त्याचं पळणंच बंद केलं तर तो पुढच्या तासाला बसेल कसा? धावलं-खेळलं की मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं वाढतात. लक्ष टिकायला तीच लागतात, एडीएचडीची बरीचशी औषधंही त्यांच्यावरच काम करतात. (औषध सोडा असं म्हणत नाही हं. आमचं सुरूच आहे.)

आमच्या गावात थेरपी सेंटर नाही. जिल्ह्याला जायचं तर एसटीत दिवस जातो अन् मजुरी बुडते. तिथल्या ताईंनी सांगितलं होतं, त्याला वजन उचलू द्या, ढकलू द्या, चढू द्या. परत येताना एसटीतच मनात आलं, हे सगळं तर वावरात आहे!

तेव्हापासून सकाळी सहाला आम्ही मायलेक वावरात. उन्हाळ्यात त्याहून लवकर, आपल्याकडचं ऊन काय सांगायचं. हापशीपासून बकऱ्यांच्या टाक्यापर्यंत अर्धी बादली पाणी न्यायचं. पहिल्या दिवशी सगळं पायावर सांडलं. आता दोन्ही हातांत दोन बादल्या, खालचा ओठ दातात धरलेला, नजर पाण्यावर. बादल्या रिकाम्या झाल्या की धुऱ्यावरून तोल सांभाळत कडुनिंबापर्यंत, अन् तिथून पळत परत. सासूबाई आधी म्हणायच्या, "काहून दमवतं वं त्याले?" आता त्याच धुऱ्यावर बसून फेऱ्या मोजतात. ज्या दिवशी वावरात जाणं होतं, त्या दिवशी पहिले दोन तास शांत जातात, असं गुरुजीच म्हणाले.

प्रत्येक लेकराचं वेगळं असतं. मैत्रिणीच्या मुलीला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, तिला शिट्टी अन् कबड्डीतला गलका सोसत नाही. ती झोका घेते, आजोबांसोबत रोज त्याच वाटेने देवळापर्यंत चालते. तिची झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. फिट येणाऱ्या लेकराला मात्र विहीर, नाल्याकडे एकटं सोडू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे मणके सैल असतात, कोलांटउड्यांआधी डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलंय, 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. त्यात दिव्यांग मुलंही आली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर शाळेला बजावतो की या मुलांना खेळात बरोबरीने संधी द्या. ऑटिझम त्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या यादीत आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. पण नाव नाही म्हणून गरज थोडीच कमी होते? अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, व्यायामाचं मोल आपल्या वऱ्हाडाला नव्याने सांगायला नको.

वही राहिली तर घरी पाठवा. चुलीजवळ सोबत बसून मी ती पूर्ण करून घेईन, रात्रीचे दहा वाजले तरी. खेळायला तेवढं सोडा त्याला.