हूक तुटला म्हणून थेट डाय? वेर्ण्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: गच्चीवरच्या टाकीच्या सेन्सरची डबी करायला मी मागच्या लेखात आधी थ्रीडी प्रिंट, मग सिलिकॉनचा साचा आणि शेवटी डाय (वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचा स्टीलचा साचा) असा क्रम सुचवला. तुमच्याकडे प्रिंटचा झाकण अडकवायचा हूक पहिल्याच दाबाला तुटला, म्हणून हा सगळा वेळकाढूपणा, सरळ डायच करावी.

हूक तुटणारच होता. डबी बुडावर ठेवून प्रिंट केली की उभ्या हूकमध्ये थर आडवे बसतात आणि वाकवताना ताण नेमका दोन थरांच्या सांध्यावर येतो. हूकची भिंत वेगळी, आडवी पाडून काढा, म्हणजे थर लांबीच्या दिशेने जातील. तरी ती ताकद डायमध्ये मोल्ड केलेल्या एबीएस प्लास्टिकची नव्हेच. हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं, तुमचं बरोबर. प्रिंटला विचारायचं ते एवढंच: सर्किट बसतं का, केबल ग्लँड (वायर आत जाते तिथली आवळायची बूच) आवळायला पाना फिरतो का. आणि मे महिन्यात गच्चीवर ठेवून बघणार असाल तर प्रिंटचं नेहमीचं पीएलए प्लास्टिक नको, ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात टिकणारं एएसए वापरा.

हूकची खरी परीक्षा सिलिकॉनच्या साच्यातून काढलेल्या पॉलियुरेथेनच्या तुकड्यांवर होते. एका साच्यातून साधारण 15-20 नग निघतात. मास्टर (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) रेझिन प्रिंटचा, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचा, असेल तर तो नीट धुऊन यूव्हीखाली पुरता पक्का करा, नाहीतर प्लॅटिनम सिलिकॉन त्याच्या अंगाला घट्ट न होता चिकटच राहतं. डायसाठी थंड होतानाचं आकुंचन धरून मोठी केलेली फाइल मास्टरला देऊ नका. एबीएसला अर्धा टक्का धरला तर 90 मिमीच्या डबीत जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि मग झाकण ढिलं का, हे कळत नाही.

आपल्याकडे खरी डोकेदुखी पावसाळ्यात. पॉलियुरेथेनसाठी मिसळायच्या दोन द्रवांपैकी आयसोसायनेट भाग हवेतली ओल पितो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तुकडा स्पंजासारखा होतो. मग बुडबुडे काढणाऱ्या व्हॅक्युम पंपाला दोष! लाकडी काडी आणि कागदी कप आधी बाजूला करा, दोन्ही ओल धरून असतात. प्लास्टिकचा कप, स्टीलची पट्टी, खोलीत डीह्युमिडिफायर, आणि ओतून झालं की रसायनाच्या डब्याचं झाकण लगेच बंद.

पॉलियुरेथेनचा हूकही मुळाशी पांढरा पडून तुटला तर दोष आकारात आहे. हूकची लांबी 8 ऐवजी 12 मिमी करा. जाडी आणि वाकणं तेवढंच ठेवलं तर मुळाशी येणारा ताण निम्म्याहून कमी होतो, कारण तो लांबीच्या वर्गाने घटतो. हा बदल साच्यात दोन-तीन दिवसांचं काम. डायमध्ये हूकची खाच खोल करायची तर स्टील कापता येतं, उथळ करायची तर वेल्डिंग. म्हणून डाय करताना हूकची पकड मुद्दाम 0.2 मिमी कमी ठेवतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

चालू डबीचीच नक्कल असेल, भिंत तीच, हूक तोच, फक्त लोगो नवा, तर थेट डायकडे जा. सिंक मार्क (जाड भागावर पडणारा खळगा) आणि ड्राफ्टची (तुकडा डायमधून सुटावा म्हणून भिंतीला दिलेल्या उताराची) अडचण तशीही प्रिंटमध्ये दिसत नाही.

तुटलेल्या हूकचा जवळून फोटो टाकाल का? तुटलेली बाजू सपाट असेल आणि थरांच्या रेघेतच असेल तर प्रिंटची दिशा चुकली. खडबडीत असेल तर लांबी, जाडीची मापंही पाठवा.