पहिल्याच फटक्यात आवडायला हवं, असं थोडंच आहे?

‘बँड पहिल्या गाण्यातच भिडतो, नाहीतर कधीच नाही’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड माझ्यात मुरायला काही वर्षं लागली. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी सवाईच्या गवयांच्या कॅसेटी वाजायच्या. रॉक फक्त आतेभावाच्या खोलीत. तो त्यांचा १९७५चा ‘विश यू वर हिअर’ हा अल्बम लावायचा. पहिल्याच गाण्यात आठ मिनिटांहून जास्त वेळ कोणी गातच नाही! मी कंटाळून उठून जायचे. मग कधीतरी डेव्हिड गिलमोरचे गिटारवरचे ते चार सूर ओळखीचे झाले, भांडी लावताना आपोआप ओठांवर यायला लागले. विलंबित ख्यालासारखंच आहे हे, आधी बसायची तयारी हवी.

ते गाणं सिड बॅरेटला, म्हणजे १९६८मध्ये बँडपासून तुटलेल्या त्यांच्याच साथीदाराला उद्देशून आहे, हे तर फार उशिरा कळलं. त्यानंतर रिचर्ड राइटचा सुरुवातीचा कीबोर्ड ऐकताना अंगावर काटाच आला. तीस सेकंदांत गाणं बदलणाऱ्या आजच्या पोरांना ‘नाहीतर कधीच नाही’ असं कृपा करून सांगू नका. त्यांना अख्खा अल्बम लावून द्या, आणि तो आवडला तर पुढे १९७७चा ‘ॲनिमल्स’.