एकवीरा आईच्या दारातला सोपाऱ्याचा खांब

पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हाच वाचा, पण वाचा नक्की. खास करून आपल्या आगरी-कोळी लोकांनी आणि ज्यांची ज्यांची कुलस्वामिनी एकवीरा आहे त्या सगळ्यांनी.

मी घणसोलीची. कार्ल्याला किती वेळा गेले असेन त्याचा हिशोबच नाही. लहानपणी टेम्पोतून, मग लग्न झाल्यावर नव्या जोडप्याचं दर्शन, मुलाचं जावळ, नवस फेडायला, चैत्रात पालखीला. गाडी लावायची, पायऱ्या चढायच्या, ओटी, नारळ, लाईन, दर्शन, खाली येऊन जेवण, संध्याकाळी घरी. आणि आईच्या देवळाला अगदी खेटून जी भलीमोठी लेणी आहे तिच्यासमोर उभं राहून फोटो. बास. आत गेले असेन दोनतीनदा, ते पण पोरं पळाली म्हणून त्यांच्या मागे. माझी आजी सांगायची, "बाय, पांडवांनी एका रातीन खोदलंय ते" आणि आमच्यासाठी विषय तिथेच संपायचा.

तर मागच्या रविवारी मी तिथेच गेले, पण गाईडबरोबर एका दिवसाच्या ट्रिपला. ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून सकाळी सहाला मिनीबस, ऐरोलीला आम्हाला घेतलं, पुढे खारघरला चारजण, सगळे मिळून अठरा. सोबत एक निवृत्त इतिहासाचे शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणत होते. माणशी बाराशे रुपये, त्यात नाश्ता, जेवण आणि तिकिटं. आणि दिवसभरात ठिकाणं फक्त दोन, भाजे आणि कार्ले.

दोनच म्हटल्यावर माझ्या नणंदेला ते महाग वाटलं, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका ट्रिपला गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे एका दिवसात सहा ठिकाणं होती. लोहगड, दोन्ही लेणी, एक मंदिर, मेणाचे पुतळे आणि शेवटी चिक्कीच्या दुकानात पाऊण तास. कार्ल्याला वीस मिनिटं दिली होती. वीस मिनिटं! त्यात बाथरूम पण. तो मुलगा शिट्टी वाजवून बोलवत होता आणि लेण्याबद्दल त्याने जे सांगितलं ते माझ्या आजीने सांगितलेलंच होतं, फक्त आजीने जास्त प्रेमाने सांगितलं होतं. लोहगड तर पायथ्यावरूनच दाखवला. जो किल्ला 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेला, आपल्या बारा किल्ल्यांमधला एक, तो बसच्या खिडकीतून! मला तेव्हा राग आला नव्हता हे सांगताना आज वाईट वाटतं, कारण मला वाटलं ट्रिप म्हणजे असंच असतं.

आता हा रविवार. सरांनी बसमध्येच सांगितलं, आधी भाजे मग कार्ले, कारण दोन्ही लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत आणि कार्ल्याच्या आत बघायचं तर उन्हं उतरल्यावर, दुपारनंतर जायचं. म्हणजे वेळापत्रक ट्रॅफिक बघून नाही, उजेड बघून ठरवलेलं. मला हे इतकं आवडलं की मी नणंदेला तिथूनच मेसेज केला.

भाज्याला मी आधी पाच मिनिटं बघून "काय नाही, उघडं आहे सगळं" म्हणून आले होते. ते उघडं का आहे ते आता कळलं. समोरची भिंत दगडाची नव्हतीच, लाकडाची होती, ती गेली. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातलं हे काम, तेव्हा लोकांना लाकडी घरं बांधायची सवय, दगडात खोदायला लागले तेव्हा लाकडाचंच घर दगडात केलं. आतले खांब बघा, ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेत. लाकडी घरात छताचा रेटा बाहेर जाऊ नये म्हणून खांब कलते लावायचे. डोंगरात खोदलेल्या खांबाला कसला आलाय रेटा, पण कारागिराच्या हाताला सवय होती म्हणून त्याने तसाच खोदला. मी त्या खांबांकडे खूप वेळ बघत बसले. आमच्या गावठाणातल्या जुन्या कौलारू घरांचे सुतार आठवले, माप न घेता नुसत्या नजरेने काम करणारे.

बाजूला चौदा दगडी स्तूप आहेत लहान मोठे, आम्ही त्यांना पिंडी समजायचो. ते तिथे राहिलेल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे स्मारक आहेत, काहींवर नावं आहेत, अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. आणि पाण्याच्या टाक्याजवळ लेख आहे की हे टाकं महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने दिलं, महारठी म्हणजे तेव्हाची सरदारांची पदवी. टाक्याला तिथे शब्द आहे पोढी. डोंगरावर राहणाऱ्या माणसांना कोणीतरी पाणी दिलं आणि दोन हजार वर्षांनंतर त्याचं नाव अजून तिथे आहे. आमच्याकडे पाणी सोडायच्या वेळेवरून सोसायटीत भांडणं होतात म्हणून मला हे जरा जास्तच लागलं असेल.

जेवून कार्ल्याला आलो. रविवार म्हणजे गर्दी विचारू नका, बँड, पालखी, "आई माऊलीचा उदो उदो". सरांनी सगळ्यांना आधी दर्शनाला पाठवलं, ज्यांना जायचं त्यांना. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ते एकदाही असं बोलले नाहीत की लेणी खरी आणि बाकी सगळं नंतरचं. पांडवांच्या गोष्टीला पण हसले नाहीत. म्हणाले, लोकांनी एवढं मोठं काम बघितलं, माणसाच्या हातून हे कसं होईल असं वाटलं म्हणून पांडवांना दिलं, तो लोकांनी केलेला मान आहे, पण ज्यांनी खरंच पैसे दिले आणि छिन्नी चालवली त्यांची नावं भिंतीवर आहेत तर ती पण वाचूया.

मग पंचवीस रुपयांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट आणि आत. दारात डाव्या हाताला उंच सोळा पैलूंचा खांब आहे, वर चार सिंह. उजवीकडे तसाच दुसरा असावा म्हणतात, जिथे आता आईचं देऊळ आहे. तो डावा खांब दिला गोतीच्या मुलाने, महारठी अग्गिमित्रणकाने. मी त्या खांबाला टेकून चपला घातल्यात इतकी वर्षं.

आत गेल्यावर सरांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मोबाईलचे टॉर्च बंद. आधी काळोख वाटतो, मग हळूहळू खांबांची रांग दिसते, मग खांबांवरचे गुडघे टेकून बसलेले हत्ती, त्यांच्यावर बसलेली जोडपी, मग अगदी वर छताच्या लाकडी कमानी. लाकडी! दगडाच्या छताला लाकडाच्या फासळ्या, त्या काहीच तोलून धरत नाहीत, फक्त जुन्या लाकडी घराची आठवण म्हणून बसवलेल्या, आणि साधारण दोन हजार वर्षं टिकल्यात. स्तूपावरची छत्री पण लाकडाचीच. सव्वाशे फुटांच्या आसपास लांब, पंचेचाळीस फूट रुंद, भारतात खोदलेल्या चैत्यगृहांमध्ये, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनांमध्ये, सगळ्यात मोठं हे. आणि समोरच्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या खिडकीतून उन्हं खाली सरकत सरकत आत आली तेव्हा पुढची दोन लहान मुलं आपोआप गप्प झाली, त्यांना कोणी दटावलं नव्हतं.

मला कोणीतरी म्हणालं, गाईड कशाला, सगळं मोबाईलवर असतं. असतं. लांबी रुंदी मोबाईलवर आहे. पण दहा मिनिटं काळोखात बस असं मोबाईल सांगत नाही. सरांनी छोटा टॉर्च काढला आणि खांबाला समोरून नाही, बाजूने चिकटवून तिरका धरला, त्याबरोबर सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरं उठून आली. अंगावर काटा आला माझ्या. त्यांनी आम्हाला ब्राह्मीतली, म्हणजे त्या काळच्या लिपीतली, दोनच अक्षरं शिकवली. गोलात टिंब म्हणजे थ. आडव्या रेघेवर उभी रेघ म्हणजे न. एवढ्यावर शोधा म्हणाले. आणि आम्ही अठरा माणसं खांबाखांबाला शोधत फिरलो, कारण कितीतरी खांबांवर "थभो" आहे आणि "दानं" आहे. खांब, दान. एवढंच सांगायचं होतं त्यांना.

आणि देणारे कोण? राजेच असतील असं मला वाटायचं. वैजयंती नगरीचा भूतपाल नावाचा शेठ आहे, त्याने लिहून ठेवलंय की जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतभूमीतलं, उत्तम शैलगृह त्याने पुरं केलं. अभिमान बघा माणसाचा, आणि खोटा नाही. पण बाकीचे बघा, धेनुकाकट गावचे लोकच किती. तिथला सिंहदत्त नावाचा गांधिक, म्हणजे अत्तर-सुगंधाचा धंदा करणारा, त्याने दाराचं काम दिलं. स्वामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, त्याने पण दाराचं काम केलं. यवन आहेत, परदेशी म्हणून ओळखले जाणारे, पण नावं इथलीच घेतलेली, सिंहध्वज, धर्म. महादेवणकाची आई आहे, भायिला. बाईचं नाव दगडात! आमच्या घराच्या सातबाऱ्यावर माझ्या आजीचं नाव नव्हतं.

मग सर एका खांबाशी थांबले. त्यावर कमळ कोरलंय आणि मधे एक खोबण आहे. म्हणाले, तुम्ही सगळे ठाण्याकडचे ना, हा तुमच्याकडचा खांब. सोपारकाचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा, सातिमित नावाचा भिक्खू, त्याने हा खांब अस्थिधातूसकट, म्हणजे पवित्र अस्थींच्या अवशेषांसकट, दान दिला, त्या खोबणीत ते अवशेष ठेवलेले असणार.

नालासोपारा. 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. आपण ते नाव लोकलच्या गर्दीशिवाय घेत नाही. तिथे बंदर होतं, पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना 1882 साली तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, स्तूप मिळाला. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांवर माल उतरायचा आणि घाट चढून जुन्नर, पैठण, तेरला जायचा. नाणेघाट, बोरघाट, आणि त्या वाटांच्या आसपासच ही सगळी लेणी. म्हणजे खाडीकाठची माणसं तेव्हापासून हा घाट चढतायत. आम्ही पालखी घेऊन चढतो तोच डोंगर. मी आईची भक्त म्हणून तिथे जात होतेच, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की त्या लेणीशी पण माझं नातं आहे, शेजारपाजारचं का होईना.

म्हणून मला जे मनापासून म्हणायचंय ते हे. ट्रिप काढणाऱ्यांनो, सहा ठिकाणं दाखवू नका. दोन दाखवा, पण बसवून दाखवा. आम्ही पैसे देऊ, बाराशेचे पंधराशे देऊ, पण माहीत असलेला माणूस आणा. आणि कार्ल्याच्या पायथ्याच्या वेहेरगावातली पोरं, जी फुलं नारळ विकतात, पार्किंगला उभी असतात, त्यांना कोणीतरी महिनाभर नीट शिकवा, दर रविवारी हजारो माणसं त्यांच्या दारात येतात, त्यांच्याइतका हक्काचा गाईड कोण असणार? आणि प्रत्येक लेखाखाली साध्या मराठीत एक पाटी लावा, कोणी काय दिलं एवढंच. बायका मुलांना घेऊन येतात, वाचतील. नाव वाचलेल्या खांबावर कोणी स्वतःचं नाव खिळ्याने कोरणार नाही असं मला वाटतं, आणि तसं कोरलेलं तिथे भरपूर आहे, बदाम काढून. ते बघून पोटात तुटतं.

घरी यायला रात्रीचे नऊ वाजले. आये जागीच होती, प्रसाद दिला, मग सगळं सांगितलं. ती पंच्याहत्तरीची आहे, गुडघे दुखतात, अर्ध्यात झोपेल असं वाटलेलं. भाज्याचं सांगेपर्यंत नुसती हं हं करत होती. सातिमिताचं सांगितलं तर उठून बसली. तिचं माहेर सोपारा.

"म्हंजे माझ्या माहेरचा खांब हाय तो? आईच्या दारान?"

मी म्हटलं हो.

"मग मना कोनी सांगितला कसा नाय?"

येत्या मंगळवारी तिला घेऊन जातेय. डोली मिळते का बघते, नाही मिळाली तर बसत बसत चढवेन. आधी दर्शन, मग खांब. टॉर्च घेतलाय.