बोस्टनची आफ्रिकन मीटिंग हाऊस: एका प्रतिक्रियेला उत्तर

बोस्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या या जुन्या चर्चच्या जीर्णोद्धाराबद्दल तुम्ही लिहिलंत: "विटांच्या एका हॉलचे एवढे लाड कशाला? दरजांत (विटांमधल्या सांध्यांत) सिमेंट भरलं असतं तर निम्म्या पैशात भागलं असतं. शिवाय १८५५चं रूप परत आणताना तिथल्या सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा) काळ पुसला गेला."

मतभेद असू द्या, पण हा सूर मला सहन होत नाही. ही वास्तू १८०६ साली मुख्यतः मुक्त कृष्णवर्णीय कारागिरांनी उभारली. एकूण ७,७०० डॉलर खर्चापैकी १,५०० डॉलर आफ्रिकेत जन्मलेल्या कॅटो गार्डनर यांनी जमवले. दारावर त्यांचं नाव आहे. ६ जानेवारी १८३२ला न्यू इंग्लंडची गुलामगिरीविरोधी संस्था इथेच स्थापन झाली. हा तुमचा 'हॉल'!

आता सिमेंट. त्याऐवजी चुना भरायला वेळ आणि मजुरी जास्त लागते, एवढं तुमचं बरोबर. पण जुनी वीट मऊ असते. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडते. सिमेंटची दरज ती अडवते, मग ओल विटेतून वाट काढते. बोस्टनच्या थंडीत त्या पाण्याचा बर्फ होतो, सुमारे ९ टक्के फुगतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दरज शाबूत, वीट गेलेली! जुन्या वाड्यांच्या भिंतींवर मी आयुष्य घालवलंय, त्यामुळे हे मला कोणी शिकवू नये.

दरज १० मिमी रुंद असेल तर २५ मिमी खोल मोकळी करायची, तीही छिन्नीने. ग्राइंडर विटेच्या कडा खातो. मग भिंत ओली करून मुरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली वाळू तीन भाग असं मिश्रण थराथराने दाबायचं. ओलं गोणपाट टाकून सावकाश वाळू द्यायचं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. घाईने वाळला तर भुगा होतो. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम हातात घ्यायचंच नाही. यातलं काय 'लाड' आहे ते सांगा.

सिनेगॉगबद्दल: १९७२ साली आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाने ही इमारत सिनेगॉगच्या ज्यू मंडळींकडूनच घेतली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक वास्तू एका वेळी एकच रूप दाखवू शकते आणि इथे १८५५ची निवड योग्यच आहे. त्यावर वाद घालायचा नाही.

पुढच्या वेळी लिहिण्याआधी एखाद्या जुन्या भिंतीतली सिमेंटची दरज छिन्नीने काढून बघा. तिच्याबरोबर विटेचा किती तुकडा हातात येतो, ते कळवा.