बेघर : निरंक

अभिनंदन! कालपर्यंत तुम्ही जाहिरात फलकांचे परवाने बघत होता. आज आदेश निघाला, की 'मूळ पदाचा कार्यभार सांभाळून' शहरी बेघर निवारा, भाडेतत्त्वावरची घरे आणि धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांचे स्थलांतर हेही तुम्हीच बघायचे. तुमचा पडलेला चेहरा मला इथून दिसतोय. या टेबलावर दिवाळीला मिठाईचे खोके येत नाहीत, हे खरेच आहे. पण घाबरू नका. मी एका महापालिकेच्या समाजविकास विभागात सव्वीस वर्षे खर्डेघाशी करून निवृत्त झालोय. महापालिका ठाण्याच्या खाडीच्या अलीकडची की पलीकडची, ते विचारू नका. पेन्शन चालू आहे.

पहिली आणि खरे तर एकच गोष्ट सांगायची आहे. रात्री जायचे नाही.

कारण बेघर माणूस दिवसा बेघर नसतोच मुळी. दिवसा तो वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहतो, ठाणे स्टेशनबाहेर भजीच्या गाडीवर कांदे चिरतो, नाक्यावर बिगारी म्हणून उभा राहतो, घोडबंदरच्या एखाद्या हॉलवर लग्नात वाढपी होतो. बेघर तो होतो रात्री अकरानंतर, शेवटच्या दुकानाचे शटर खाली आले आणि पायरी मोकळी झाली की. तुमचे कार्यालय पावणेदहाला उघडते आणि सव्वासहाला मिटते. म्हणजे तुमची नि त्याची गाठच पडू नये अशी सोय आधीपासून करून ठेवलेली आहे. ती आपण होऊन कशाला मोडायची? निवारा केंद्राची पाहणी सकाळी साडेअकराला ठेवा. तेव्हा खाटा रिकाम्या, चादरी ताणलेल्या, फरशी फिनेलने पुसलेली असते. तक्रार करायला माणूस नसतो. काळजीवाहक तेवढा असतो, आणि खाटेच्या दांडीवर वाळत घातलेली लुंगी त्याने तुमची गाडी फाटकात वळतानाच काढलेली असते.

हजेरीचे रजिस्टर मागा. उघडा. वाचू मात्र नका. मी एकदा वाचले होते. अठ्ठावीस नावे, अठ्ठावीस सह्या, सगळ्या एकाच निळ्या जेल पेनाच्या, आणि सगळ्यांच्या 'र'ला तीच लांब शेपटी. तिघे जण रविवारी गावाला गेल्याची नोंद, आणि त्याच रविवारी त्याच तिघांनी रात्री जेवल्याचीही नोंद. मोठ्या उत्साहाने रजिस्टर साहेबांपुढे नेले. साहेबांनी चष्मा लावला, पान निरखले आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो." त्या दिवशी मी या खात्यात खऱ्या अर्थाने रुजू झालो.

तसे सरकार एकदा रात्री गेले होते, नाही असे नाही. २८ फेब्रुवारी २०११च्या रात्री जनगणनेचे प्रगणक बेघर मोजायला बाहेर पडले. फूटपाथ, उड्डाणपूल, जिन्याखालची जागा, फलाट, देवळांचे मंडप, इतकेच काय, ह्यूम पाइपसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. देशात १७ लाख ७३ हजारांवर माणसे निघाली. आता ज्याला रात्री टॉर्च घेऊन पाइपात डोकवायची हौस आहे त्याला हे असलेच आकडे मिळायचे. सुदैवाने २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे एवढी वर्षे तोच आकडा धरून बसायला कोणाची हरकत नव्हती. आकडा जुना झाला की त्याचा त्रास कमी होतो.

पुढचे गणित मात्र नीट समजून घ्या, नाहीतर एखाद्या बैठकीत अडकाल. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तोच हिशेब उचलला : एका निवाऱ्यात शंभर माणसे, दर माणशी किमान ५० चौरस फूट, चोवीस तास, बारा महिने. २०११च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाख ४१ हजारांचे, नवी मुंबई ११ लाख २० हजारांची. भागाकार तुम्हालाही येतो. अठरा आणि अकरा. म्हणूनच सांगतो, भागाकार करायचा नाही, गुणाकार करायचा. आपल्याकडे निवारे किती? दोन? गुणिले शंभर, दोनशे. मग शहरात दोनशेच्या आत बेघर आहेत असा सर्वेक्षण अहवाल मागवून घ्या. सर्वेक्षण अर्थातच दिवसा. एकेका प्रभागातून सुंदर अहवाल येतात : 'बेघर : निरंक'. सरकारी मराठीतला हा माझा सर्वांत आवडता शब्द आहे. 'नाही' म्हटले की माणसे कारण विचारतात. 'निरंक' म्हटले की फाईल बंद करतात.

आता पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या मोहिमेला तुम्हाला जावेच लागेल. वरून फोन येतो, 'पुलाखाली स्वच्छ दिसले पाहिजे.' तेव्हा सोबत समूह संघटक बाईंना, म्हणजे वस्तीत जाऊन लोकांशी बोलणाऱ्या आपल्याच खात्यातल्या बाईंना, घ्या आणि आपण गाडीत बसा. काच खाली करू नका. मी केली होती. परभणीकडची एक बाई, मांडीवर पोर, शेजारी नवरा तीन दगडांच्या चुलीवर तवा ठेवून बसलेला. संघटक बाई पाठ केल्यासारखे सांगत होत्या, की निवाऱ्यात पंखा आहे, संडास आहे, पाणी आहे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "व्हय बाई. पन म्या बायकांच्यात, ह्यो बाप्यांच्यात, आन् हे पोरगं कुणाच्यात?" एवढ्यात तव्यावरची भाकरी फुगली आणि नवऱ्याने ती उलटली. आम्ही फॉर्मवर तिचा अंगठा घेतला. रकाना होता : 'समुपदेशन करूनही निवाऱ्यात येण्यास नकार'.

हा 'नकार' जपून ठेवा. लाखमोलाचा आहे. बाटल्यांचे पोते आत आणू देत नाहीत म्हणून भंगारवाला आला नाही, तर नकार. पहाटे तीनला मार्केटात उभे राहायचे असते आणि निवारा दोन रिक्षा लांब आहे म्हणून हमाल आला नाही, तर नकार. दाराशी आधार कार्ड मागतात आणि ते मागच्या वेळी अतिक्रमणवाल्यांनी सामानासकट गाडीत टाकले, तरी नकारच. खाटा रिकाम्या का, असे कोणी विचारले की नकारांचा गठ्ठा पुढे करायचा. आम्ही द्यायला तयार, लोकच घेत नाहीत! बैठकीत चहा येतो.

आणि समजा त्या बाईने चार बांबू रोवून वर निळी ताडपत्री टाकली? मग तर तुमची सुटकाच झाली. ताडपत्री टाकली म्हणजे झोपडी झाली, झोपडी झाली म्हणजे ती बेघर नाही. फाईल अतिक्रमण विभागाकडे. अतिक्रमणवाले म्हणणार, ही झोपडी १ जानेवारी २०००च्या आधीची नाही, म्हणजे हे संरक्षित घर नाही, पाडा. पाडली की ती पुन्हा बेघर, फाईल पुन्हा तुमच्याकडे. तोवर ती दुसऱ्या पुलाखाली गेलेली असते आणि तो पूल दुसऱ्या प्रभाग समितीत येतो. 'संबंधित व्यक्ती जागेवर आढळून आली नाही.' निरंक. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे सांगितले, आणि हटवायचे तर रीतसर नोटीस द्या असेही. आपल्याकडे त्यातले नोटिशीचे कलम तेवढे सर्वांना तोंडपाठ आहे.

पाहुणे आले तर त्यांना ठाण्याच्या तीन हात नाक्याची सिग्नल शाळा दाखवा. २०१६पासून पुलाखाली भरते, कारण मुलेच पुलाखाली राहणारी होती. शाळा चांगली आहे, उपरोधाने म्हणत नाही. फक्त पाहुण्यांना शाळा सुटायच्या आत परत न्या. नाहीतर एखादा विचारायचा, ही मुले आता कुठे निघाली.

राहता राहिले धोकादायक इमारतींचे. ४ एप्रिल २०१३ला शीळ फाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. तेव्हापासून या कामात विनोद करताना माझी जीभ अडखळते. पण तुमचे काम कागदाचे आहे, ते सांगतो. दर वर्षी पावसाळ्याआधी यादी काढायची, धोक्याच्या उतरत्या क्रमाने : सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३. सी-१ म्हणजे लगेच रिकामी करून पाडायची. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ची नोटीस दारावर चिकटवा, चिकटवल्याचा फोटो काढा. इमारत पडली तर फोटो तुम्हाला वाचवतो. माणसांना वाचवायची सोय त्यात नाही. लोक खाली उतरत नाहीत म्हणून वैतागू नका. त्यांना छत पडायची भीती वाटतेच, पण त्याहून मोठी भीती खोलीवरचा हक्क जायची असते. कोणाची खोली किती फुटांची, याचा सहीशिक्क्याचा कागद हातात पडला तर अर्धी इमारत संध्याकाळपर्यंत रिकामी होईल. म्हणूनच तो कागद शेवटी द्यायचा असतो.

उतरले की त्यांना भाड्याच्या घरात न्यायचे. एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, योजनेतली खोली, १६० चौरस फूट. 'तात्पुरती.' या शब्दाचा अर्थ मला एका आजोबांनी शिकवला. ते दर सोमवारी माझ्या टेबलाशी येत, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नोटीस काढत, "साहेब, तात्पुरतं संपलं का?" असे विचारत आणि उत्तराची वाट न बघता नोटीस पुन्हा गुंडाळत. नातवाचे बारसे त्या खोलीत झाले, मुंजही तिथेच झाली. मग सोमवारी त्यांचा मुलगा यायला लागला. पिशवी तीच होती. तुमच्याकडेही कोणीतरी येईल. खुर्ची द्या, पाणी विचारा, तारीख मात्र देऊ नका.

एक इशारा द्यायलाच हवा. आमच्याकडे एक तरुण उपायुक्त बाई आल्या होत्या. कोणाला न कळवता रात्री एकला निवाऱ्यावर गेल्या. दार आतून बंद, काळजीवाहक टीव्ही लावून झोपलेला, आणि बाहेर, निवाऱ्याच्याच पायऱ्यांवर, पाच माणसे मुटकुळे करून पडलेली. बाईंनी दोन पानी टिपणी लिहिली, आकडे घातले, नावेही घातली. आठव्या दिवशी त्यांची उद्यान विभागात बदली झाली. झाडे मात्र छान लावली हो त्यांनी.

तर उद्याची पाहणी साडेअकराला. गाडी थेट दारात घ्या. आत चार फोटो, बाहेर पाटीसह एक. फोटोत अक्षांश, रेखांश आणि वेळ आपोआप उमटतात, त्यांना हात लावायचा नाही. बाहेरच्या फोटोत उजवीकडे, भिंतीच्या सावलीत, एक म्हातारा पोत्याला टेकून बसलेला दिसेल. तो रोजच असतो. वर पाठवण्याआधी तेवढी कड कापून टाका.