बीज की एकादशी?

टिकलीएवढ्या चंद्रकोरीसाठी काल माझा जो पंचनामा झाला तो लिहून ठेवतो. बिल थकलं तर पुरावा राहील.

टिकल्या विकणाऱ्या एका ताईंना वेबसाइटवर चंद्रकोर हवी होती. फोटो मोठा केला की फाटतो, म्हणून एसव्हीजी: कोडमध्येच पाथ, म्हणजे रेषेचा मार्ग, लिहून काढलेला आकार. लॅपटॉप त्यांच्या डायनिंग टेबलावर उघडला. समोर त्यांचे सासरे, अण्णा, चहात खारी बुडवत बसलेले.

पाथमध्ये कमानीची आज्ञा 'ए'. तिला सात आकडे लागतात: दोन त्रिज्या, कलण्याचा कोन, दोन फ्लॅग आणि पोचायचं ठिकाण. पहिला फ्लॅग कमान मोठी की छोटी ते सांगतो, दुसरा कुठल्या अंगाला फुगायचं ते. तेही शून्य किंवा एक अशा खुणेनं. २००१ साली हे प्रमाण ठरवणाऱ्यांना सरळ 'डावीकडून', 'उजवीकडून' लिहायला काय धाड भरली होती? वर इथला वाय अक्ष खाली जाताना वाढतो. शाळेतली आलेखवही सगळी पाण्यात.

असो. बाहेरची कमान ४० त्रिज्येची, वरून खाली. आतली ४२ ची, खालून वर. पान रिफ्रेश केलं.

अण्णा चष्मा सावरत वाकले. "ही एकादशी आहे."

"अं?"

"शुद्ध एकादशी. डावीकडे पोट सुटलंय बघा. सूनबाईंना कोर हवीय ना?"

आतल्या कमानीचा दुसरा फ्लॅग एकाचा शून्य केला. पोट गेलं, कोर आली.

"हां, शुद्ध पक्ष. पण आपल्याकडे बीज अशी उभी नसते हो. मावळतीला बघा कधी. जवळजवळ आडवी, होडीसारखी."

९० अंशांत फिरवून आडवी केली. पण अण्णांना आता गोडी लागली होती. "परत उभी करा. आणि ते दुसरे फ्लॅग दोन्ही शून्य करा बघू."

केले. चंद्र डावीकडून उजळला, पोट उजवीकडे.

"संकष्टी!" अण्णा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, चंद्रोदय झाला!"

आतून काकूंनी विचारलं, "आज?"

मी फ्लॅग जागेवर आणले. तर कोर आणखी नाजूक हवी, तो ४२ कमी करा. कमी करता करता ३८ झाला आणि कोर गायब! दोन टोकं जोडायला त्रिज्या अपुरी असेल तर ब्राउझर चूक दाखवत नाही, गुपचूप वाढवून घेतो. ३८ ची ४० झाली, दोन्ही कमानी तंतोतंत एकमेकींवर बसल्या, मधे काही उरलंच नाही.

"अमावास्या," अण्णा समाधानानं म्हणाले.

मग ते उठले, स्टीलची वाटी आणली, कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, वाटी जरा सरकवली, पुन्हा फिरवली. सुरेख कोर.

"किती छान!" ताई म्हणाल्या. "दादा, हीच स्कॅन करून टाका ना. आणि तुमचे पैसे जरा कमी होतील का मग?"

बोर्ड रंगवणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. त्याच्या हाताला रंग दिसतो. माझ्या हाताला काय, खारीचा चुरा.

रात्री बिल पाठवलं. निरोप आला, 'अण्णा म्हणतात आज अमावास्या, व्यवहार नको. बीजेला बघू.'

कॅलेंडर काढून पाहिलं. वद्य दशमी होती.