केमोतला ताप ‘चांगला’ नसतो

‘केमोनंतर ताप आला तर घाबरू नका, आनंद माना! आतला कॅन्सर जळतोय. अमेरिकेतल्या डॉक्टरने हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय, कंपन्यांनी दडपलं. अँटिबायोटिक घेऊ नका, उरलीसुरली प्रतिकारशक्ती मरते. 102 च्या वर गेला तरच एक क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत थांबा. घर स्वच्छ असेल तर इन्फेक्शन होतच नाही. गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, शेळीचं धारोष्ण दूध, तीन दिवसांत पांढऱ्या पेशी दुप्पट!’ खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

असले मेसेज रोज येतात, मी उघडतही नाही. पण हा माझ्या मावशीच्या दिरांनी घरच्या ग्रुपवर टाकला, आणि मावशीची केमो चालू आहे. तिचा फोन आला, ‘अगं, ताप आला तर काहीच करायचं नाही म्हणे. खरं का?’ मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून तिने मला तरी विचारलं. बाकीचे कुणाला विचारणार?

तर तो अमेरिकेतला डॉक्टर. आहे, खरा आहे. विल्यम कोली, न्यूयॉर्कचा सर्जन. 1891 पासून त्याने कॅन्सरच्या रुग्णांना स्ट्रेप्टोकोकसचे जिवंत जंतू टोचले. त्यांना सणसणून ताप आला आणि काहींच्या गाठी खरंच विरघळल्या. इथपर्यंत मान्य. पुढचं मात्र मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलंय. काही रुग्ण त्या जंतूंनीच गेले, म्हणून कोली पुढे मारलेले जंतू वापरू लागला. दडपलं म्हणाल तर तेही नाही. मूत्राशयाच्या काही कॅन्सरमध्ये आजही आत बीसीजी, म्हणजे टीबीच्या लसीतले कमजोर केलेले जिवंत जंतू सोडतात, तो विचार त्याच जातीचा. आणि मुख्य मुद्दा म्हणजे कोलीने सुरुवात केली तेव्हा केमो नावाची गोष्टच नव्हती. त्याच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी शाबूत होत्या. मावशीच्या नाहीत.

सगळी गोम इथे आहे. जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या तळाला जातात. 1966 मध्ये जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या 52 रुग्णांचे आकडे मांडले. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल 1000 च्या खाली गेले की इन्फेक्शन वाढतं, 500 च्या खाली आणखी, 100 च्या खाली तर विचारू नका. आणि पेशी जितके दिवस कमी राहतील तितका धोका जास्त. साठ वर्षं होत आली, सगळं जग अजून याच पायावर उभं आहे.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, तिच्या रिपोर्टवर लोक फक्त वरचा आकडा बघतात. एकूण पांढऱ्या पेशी 1200, न्यूट्रोफिल 20 टक्के असं असेल तर गुणाकार करा. 240. अशा माणसाच्या अंगात जंतू शिरला तर पू होत नाही, कारण पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिलच. छातीच्या एक्स-रेवर डाग उमटेलच असं नाही. जखमही फारशी लाल होत नाही. बहुतेक वेळा एकच खूण उरते, ती म्हणजे ताप. आणि हा मेसेज नेमकं त्याच खुणेकडे बघून आनंद माना म्हणतो!

रक्तात जंतू आहेत का ते बघायला ते वाढवून पाहतात, त्याला ब्लड कल्चर म्हणतात. त्याची बाटली आमच्याकडे मशीनमध्ये लावतात. जंतू वाढले की मशीन वाजतं. अशा रुग्णाची बाटली कधी कधी रात्रीच्या रात्रीत वाजते. स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली की गुलाबी काड्या दिसतात, ई. कोलाय, क्लेब्सिएला, नाहीतर स्युडोमोनास. यांच्यामुळे काही तासांत बीपी कोसळू शकतं. तिथे कॅन्सर जळत नसतो, माणूस सेप्सिसमध्ये जात असतो, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागलेले असतात.

आता ते 102. कुठून आणलं कोण जाणे. एकदा 101 लागला किंवा 100.4 तासभर टिकला, की डॉक्टर त्याला इमर्जन्सी मानतात. न मोजता क्रोसिन घेतली तर ताप झाकला जातो, जंतू जागच्या जागी. केमोबरोबर स्टेरॉइड दिलं असेल तर ताप येणारही नाही, नुसती हुडहुडी भरेल, गळून जायला होईल. तेही तितकंच गंभीर. सकाळपर्यंत थांबायचं नाही. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य ‘ताप आलाय’ नको, ‘केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, ताप आहे’ असं हवं. नाहीतर केसपेपर काढून रांगेत बसवतील. अमेरिकेतल्या कॅन्सर आणि संसर्ग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 मध्ये एकत्र सांगितलंय की अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे. कल्चरसाठी रक्त आधी घ्यायचं, पण रिपोर्टची वाट बघायची नाही.

अँटिबायोटिकबद्दल थोडं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. आपल्या हॉस्पिटलांमधले जंतू भारी औषधांनाही दाद देईनासे झालेत, ते आम्ही रिपोर्टवर बघतो. सर्दी-खोकल्याला ती खाणं हा मूर्खपणाच. पण त्यावरचा उपाय कल्चर करून नेमकं औषध देणं, न देणं नव्हे. आणि प्रत्येकाला ॲडमिट करतात असंही नाही. धोका कमी असलेल्यांना तपासून, काही तास नजरेखाली ठेवून गोळ्यांवर घरी सोडतात. ते ठरवणार डॉक्टर, व्हॉट्सॲप नाही.

घर स्वच्छ ठेवा, हात धुवा, जरूर. पण यातले कित्येक जंतू पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातलेच असतात. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटलं की ते रक्तात उतरतात. फिनेल तिथे पोचत नाही.

राहिले काढे. पपईच्या पानांचा बोलबाला आहे तो डेंग्यूतल्या प्लेटलेटसाठी. त्या वेगळ्या, पांढऱ्या पेशी वेगळ्या. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं मिळतात, कुणाला द्यायची ते डॉक्टर बघतात. धारोष्ण म्हणजे कच्चं दूध, त्यातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया नावाचे जंतू पोटात जाऊ शकतात. उकळा आणि मग प्या. आणि गुळवेलीबद्दल सांगायचं तर, कोविडच्या काळात ती घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये छापलंय. लिव्हरचे आकडे बिघडले की पुढची केमो लांबते, ते वेगळंच.